मोहरीएवढी बाहुली

डॉ. रघुनाथराव बनसोडे यांनी मला पहिल्यांदा तपासले तेव्हा मी त्यांचा रुग्ण नव्हतो. रुग्ण माझी पत्नी सुमती होती; मी केवळ सोबत गेलो होतो. साताऱ्याहून सांगलीपर्यंतचा एस.टी.चा प्रवास आणि दवाखान्याच्या ओसरीवरील दीड तासाची प्रतीक्षा आटोपून, साताऱ्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी हातात घेऊन आम्ही आत गेलो. डॉक्टरसाहेबांनी चिठ्ठी वाचली, सुमतीला बाजूच्या बाकावर बसविले आणि मला म्हणाले, "सर, आधी तुम्ही बसा खुर्चीवर."

समोरच्या भिंतीवर काळ्या कापडाचा मोठा पडदा ताणून बसविलेला होता. त्याच्या मध्यभागी एक पांढरा ठिपका. एक डोळा झाकून दुसऱ्याने त्या ठिपक्याकडे पाहत राहायचे, आणि डॉक्टरसाहेब काळ्या काठीच्या टोकाला खोचलेली पांढरी टाचणी पडद्यावरून सावकाश सरकवीत नेणार. टाचणी दिसेनाशी झाली की 'गेली' म्हणायचे, पुन्हा दिसली की 'आली'. एके ठिकाणी ती खरोखरच नाहीशी झाली आणि मी दचकलो.

"घाबरू नका," डॉक्टरसाहेब म्हणाले. "ही आंधळी जागा प्रत्येकाच्या डोळ्यात असते. इतकी वर्षं जगलात, कधी पत्ता लागला होता का तिचा?"

"मी प्राणिशास्त्र शिकवितो. मला माहीत आहे," मी किंचित ताठपणे उत्तरलो.

"माहीत असणं निराळं, सर. आता वहिनी बसतील. त्यांच्या पडद्यावर अशा जागा जास्त निघाल्या तर 'नीट बघ की जरा' म्हणून त्यांच्यावर खेकसू नका. त्यासाठी तुम्हांला आधी बसवलं."

रुग्णाच्या आधी सोबतच्या माणसाला खुर्चीवर बसविण्याची त्यांची ही रीत सांगली जिल्ह्यात सर्वांच्या परिचयाची आहे. तिचे मर्म मला त्या दिवशी कळले नाही. डॉक्टरसाहेबांनी साठाव्या वर्षात पदार्पण केल्याच्या निमित्ताने निघणाऱ्या या ग्रंथात त्यांचे सहकारी त्यांच्या शस्त्रकौशल्याविषयी अधिकाराने लिहितील. माझ्यापाशी तसा अधिकार नाही. त्यांच्या दवाखान्यात माझी एक चूक उघडकीस आली, आणि ती त्यांनी ज्या रीतीने उघडकीस आणली त्यात त्यांचे ज्ञान, त्यांची मूल्ये व त्यांचे सौजन्य या तिन्ही गोष्टी मला एकत्र दिसल्या. तेवढेच येथे नोंदवितो. यात त्यांच्या प्रकृतीविषयी एक उल्लेख येणार आहे. तो त्यांच्या अनुमतीने केला आहे.

सुमतीला काचबिंदू झाला होता. डोळ्यातील द्रवाचा दाब वाढतो आणि डोळ्यातून मेंदूकडे जाणारे चेतातंतू हळूहळू मरतात, अशी या विकाराची सर्वसाधारण ओळख आहे. दुखत नाही, खुपत नाही. दृष्टी कडेकडेने झिजत जाते. आमच्या आळीतील एका गृहस्थांनी डॉक्टरसाहेबांचे आडनाव ऐकून "सांगलीत दुसरं कुणी नाही का?" अशी पृच्छा केली, तेव्हा सुमतीने दारातूनच उत्तर दिले, "डोळे माझे आहेत, भाऊसाहेब. डॉक्टर मीच ठरवीन." मी त्या वेळी वर्तमानपत्र वाचत होतो. ते उत्तर मी द्यावयास हवे होते, असे आज वाटते.

डॉक्टरसाहेबांचा जन्म कराडजवळच्या मलकापूर परिसरातला. छप्पन साली त्यांच्या घराने धम्म स्वीकारला तेव्हा ते शाळेच्या शेवटच्या वर्गात होते. पुढील शिक्षण त्यांनी कसे घेतले हे ते सांगत नाहीत, आणि विचारलेले त्यांना रुचत नाही. मात्र त्यांच्या मातोश्रींविषयी ते एकदा बोलले. निमित्त विट्याकडच्या एका वृद्ध गृहस्थांचे होते. त्या दिवशी आमच्या आधी त्यांचा क्रमांक होता, आणि दार उघडेच होते.

"आण्णा, इतके दिवस कुठं होता?" डॉक्टरसाहेबांनी विचारले.

"आवं डाक्टरसाहेब, मोती पिकल्याबिगर काढत न्हाईत म्हनत्यात. म्हनलं, पिकू दे. पोरं मद्रासला गलाईच्या दुकानावर सोनं गाळाय हायती. थोरला दिवाळीला यील, तवा काढू."

"ह्यो मोती न्हवं, आण्णा. ह्यो काचबिंदू हाय. ह्यो पिकत न्हाई."

"मग काय करतुया?"

"निस्ता खात जातो."

वृद्ध गृहस्थांनी मान हलविली. मग म्हणाले, "मंजी मी दिवाळीची वाट बघतुया, आन ह्यो माझी बघतुया व्हय?"

दोघेही हसले. हसता हसता डॉक्टरसाहेबांनी त्यांचा हात आपल्या हातात धरला होता, तो बराच वेळ सोडला नाही. आम्ही आत गेल्यावर, कोणी विचारले नसताना ते म्हणाले, "माझी आईही मोती पिकायची वाट बघत बसली होती. चार वर्षं. तोही काचबिंदूच निघाला. आम्हीच तिला बस म्हणालो होतो." इतके बोलून त्यांनी सुमतीचे कागद पुढे ओढले.

सुमतीला त्यांनी बाहुली लहान करणारे थेंब दिले. सकाळी सहा, दुपारी बारा, सायंकाळी सहा आणि झोपण्यापूर्वी, असे दिवसातून चार वेळा, दोन्ही डोळ्यांत. या थेंबांनी कपाळ ठणकते, संध्याकाळचे अंधुक दिसते. सुमती तक्रार करीत नसे. अधूनमधून कपाळावर ओला रुमाल ठेवून आडवी होई, इतकेच. डोळ्यांतील दाब उतरला, आणि दीड-दोन वर्षे उतरलेलाच राहिला. परंतु काळ्या पडद्यावरील 'गेली' हे उत्तर मात्र प्रत्येक खेपेस थोडे लवकर येऊ लागले.

मी प्रयोगशाळेत आयुष्य घालविलेला मनुष्य. दाब उतरला असूनही दृष्टी जाते, याचा अर्थ औषध नियमाने पडत नाही, असा निष्कर्ष मी काढला व तो पडताळून पाहण्याचे ठरविले. एक घन सेंटिमीटर म्हणजे वीस थेंब, हे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. पाच घन सेंटिमीटरची बाटली म्हणजे शंभर थेंब. रोज आठ थेंब. बाटली साडेबारा दिवसांत संपली पाहिजे. मी प्रत्येक बाटलीवर उघडल्याची तारीख घालू लागलो व ती एका वहीत नोंदवू लागलो. सुमतीची बाटली अठरा-एकोणीस दिवस पुरत असे. याचा अर्थ, तीन थेंबांतील एक थेंब ती चुकवीत होती.

हे मी तिला सांगितले. एकदा नव्हे, अनेकदा सांगितले. ती म्हणे, "मी घालते हो वेळेवर." मी वही दाखवी. ती वहीकडे पाही. तिला त्यातले कितपत दिसत होते हे मला ठाऊक नाही. पुढे पुढे तिने उत्तर देणे सोडले, आणि मी ती कबुली समजलो. आम्हांला अपत्य नव्हते. घरात दोनच माणसे, आणि त्यांतल्या एकाने दुसऱ्यावर पाळत ठेवली होती.

पुढच्या खेपेस पडद्यावरील काळोख आणखी पसरलेला निघाला. मी वही डॉक्टरसाहेबांच्या मेजावर ठेवली आणि सुमतीच्या समक्ष म्हणालो, "थेंब चुकतात. माझ्यापाशी पुरावा आहे."

डॉक्टरसाहेबांनी वही उघडली नाही. ते उठले, खिडकीचा पडदा ओढून खोलीत अंधार केला आणि एक लहान टॉर्च माझ्या हातात दिला.

"सर, इकडं या. वहिनींच्या डोळ्यांत बघा. बाहुली केवढी दिसते?"

मी वाकलो. "मोहरीएवढी."

"टॉर्च जरा बाजूला घ्या, कडेचा उजेड तेवढा राहू द्या. अंधारात बाहुली मोठी व्हायला पाहिजे. झाली का?"

"नाही. तेवढीच आहे."

"थेंबाशिवाय असं होतं का? मी काय सांगू, शिकवता तुम्ही."

मला उत्तर देणे भाग होते. मी म्हणालो, "आज इकडे यायचे म्हणून आजचे थेंब घातले असतील."

"आजचं आज कळलं," डॉक्टरसाहेब शांतपणे म्हणाले. "कालचं तुम्हांला काल कळलं असतं. घरी दिवा आहे ना, सर?"

सुमतीने पदराने डोळे टिपले. ते टॉर्चच्या उजेडाने की अन्य कारणाने, हे मी विचारले नाही. अडतीस वर्षांच्या संसारात मी तिच्या डोळ्यांत किती वेळा पाहिले होते, याची मला त्या क्षणी आठवण करता येईना. बाटलीकडे मात्र रोज पाहत होतो.

"मग दृष्टी का जाते?" मी विचारले. माझा आवाज चढला होता, असे सुमतीने नंतर सांगितले.

डॉक्टरसाहेबांनी खिडकीचा पडदा बाजूला सारला आणि माझ्याशेजारी बाकावर येऊन बसले. "सर, तंतुकणिका शिकवता ना तुम्ही?"

"दर वर्षी."

"त्या काय करतात?"

"पेशीला लागणारी ऊर्जा तयार करतात. पेशीचे वीजघर म्हणतात त्यांना."

"आता बघा. डोळ्यातून निघणाऱ्या चेतातंतूंवर, डोळ्याच्या आतल्या टप्प्यात, आवरण नसतं. उघड्या तंतूतून संदेश न्यायला वीज जास्त लागते. म्हणून तिथं तंतुकणिका दाटीनं भरलेल्या असतात. बाहेर पडल्यावर तंतूवर आवरण चढतं, तिथं त्या विरळ होतात. म्हणजे वीजघरं कमी चालायला लागली तर पहिला फटका कुठं बसणार?"

उत्तर मला येत होते.

"इस्लामपूरकडून आलात ना? उसाला उपसा करणाऱ्या मोटारी बघता वाटेत. नदीला पाणी असतं, पाइप फुटलेला नसतो. पण वीज मंद येते. मोटार घुंघुं करते, तापते आणि जळते. शेतकरी बिचारा पाइप तपासत बसतो. डोळ्यातला दाब म्हणजे पाइप. तो आपण नीट केला. आतली वीजच काही जणांची मंद होत जात असावी, असं मला वाटतं. वयानं असेल, जन्मतः असेल. परदेशी नियतकालिकांत अलीकडं थोडंफार वाचायला मिळतं. पुरतं सिद्ध झालेलं नाही. आणि खरं सांगतो, वीज वाढवायचं औषध माझ्याकडं नाही. कुणाकडंच नाही. थेंब चालू ठेवायचे, कारण दाब वाढला तर मंद विजेवर आणखी ओझं पडेल. माझ्या हातात एवढंच आहे."

मग ते सुमतीकडे वळले. "वहिनी, यात तुमचा काही दोष नाही. तुम्ही एक थेंब चुकवलेला नाही, असं मी लिहून देतो."

त्यांनी तसे खरोखर लिहून दिले. तपासणीच्या कागदाच्या समासात त्यांच्या तिरक्या अक्षरात 'औषध नियमित. बाहुली पाहिली. पतीनेही पाहिली.' असे तीन वाक्यांचे टिपण आहे. मी मागील कागद चाळले. पहिली दोन वाक्ये प्रत्येक कागदावर होती. तिसरे तेवढे नवीन होते.

आपल्याला ठाऊक नाही, असे म्हणण्याचे धैर्य मी अनेक विद्वानांत पाहिलेले नाही. डॉक्टरसाहेबांनी ते एका चिडलेल्या नवऱ्यासमोर दाखविले. औषध चुकले असेल असे म्हणून मोकळे होणे त्यांना किती सोपे होते! रुग्णावर ठपका ठेवला की वैद्य सुटतो, आणि नवराही सुटतो. त्यांनी दोघांपैकी कोणालाही सुटू दिले नाही. पुढील दोन वर्षे ते दर भेटीत माझ्याकडून पेशीविज्ञानाची पाठ्यपुस्तके मागवून घेत, पेन्सिलीने खुणा करून परत करीत, आणि "सर, हे जरा समजावून सांगा," म्हणून शाळकरी मुलासारखे समोर बसत. तीस वर्षे तंतुकणिकांची आकृती फळ्यावर काढणाऱ्या मला त्या जिवंत माणसाच्या डोळ्यात असतात, हे त्यांनी शिकविले. आणि शिष्यत्व मात्र स्वतःकडे घेतले.

त्या दिवशी परतीच्या प्रवासात कराडच्या स्थानकात गाडी थांबली तेव्हा सहा वाजले होते. सुमतीने पिशवीतून बाटली काढली. मी हात पुढे केला. तिने क्षणभर विचार केला, बाटली माझ्या हातात दिली आणि मान मागे टाकली. मी थेंब घातले. शेजारच्या आसनावर मलकापूरच्या एक बाई भाजीची पाटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या कौतुकाने म्हणाल्या, "काकी, काका लय जपत्यात की वो तुमास्नी!"

"व्हय," डोळे मिटलेल्या सुमतीने त्यांच्याच बोलीत उत्तर दिले. "आजपास्नं."

दुसऱ्या दिवशी मी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून मोजनळी घरी आणली आणि तिच्या बाटलीतील थेंब तीत मोजले. एका घन सेंटिमीटरला तीस भरले. प्रयोगशाळेतील काचेच्या नळीचा थेंब मोठा असतो. डोळ्याच्या बाटलीचा बारीक. दीडशे थेंब, रोज आठ, म्हणजे अठरा-एकोणीस दिवस. सुमतीचा एकही थेंब कधी इकडेतिकडे झाला नव्हता. विद्यार्थ्याने अशी चूक केली असती तर मी त्याला प्रयोग पुन्हा करावयास लावला असता.

मी तिच्यासमोर उभा राहून म्हणालो, "माझे गणित चुकले होते. थेंबाचे आकारमान मी गृहीत धरले. तुझ्यावर घेतलेला संशय निराधार होता."

ती म्हणाली, "वर्गात सांगितल्यासारखं सांगू नका. इथं जवळ बसून सांगा."

मी बसून सांगितले. काय सांगितले ते या ग्रंथाच्या वाचकांशी संबंधित नाही.

त्यानंतर तीन वर्षे चारही वेळचे थेंब मी घातले. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरावयाचा असतो. दोन मिनिटे, म्हणजे एकशेवीस अंक. मी मनात मोजत असे. सुमती म्हणाली, "मोठ्यानं मोजा. तुम्ही आहात हे तरी कळेल." तेव्हापासून आमच्या घरात दिवसातून चार वेळा एकशेवीसपर्यंत मोजण्याचा आवाज येत असे. तिची दृष्टी शेवटी एका लहानशा छिद्राएवढी उरली. त्यातून ती माझा चेहरा थोडा थोडा करून पाही. आधी कपाळ, मग चष्मा, मग हनुवटी. ती दृष्टी पूर्ण विझण्यापूर्वीच हृदयविकाराने तिचे निधन झाले. बाटलीत थोडे औषध शिल्लक होते.

तिच्या जाण्यानंतर चौथ्या दिवशी डॉक्टरसाहेब सांगलीहून एस.टी.ने आले. दवाखाना बंद ठेवून आले होते, हे मला मागाहून कळले. ते सांत्वनाचे बोलले नाहीत. बसून राहिले. भेटावयास आलेले इतर लोक एकेक करून गेले. सहाच्या सुमारास माझे लक्ष वारंवार भिंतीवरील घड्याळाकडे जात होते. ते त्यांनी पाहिले असावे. त्यांनी खिशातून एक बाटली काढली.

"सर, माझीही सहाची वेळ आहे," ते म्हणाले. "आईचं माझ्याकडं आलंय. दाब वाढायला लागलाय. घरी मिसेस घालतात. जरा घालून देता?"

हे त्यांनी तोवर घराबाहेर कोणास सांगितले नव्हते. शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसाने असे सहजी सांगावयाचे नसते. मी त्यांना खुर्चीवर बसविले, मान मागे टाकावयास सांगितली, थेंब घातले आणि डोळ्यांचे कोपरे दाबून धरले. मी मनात मोजू लागलो होतो.

"मोठ्यानं मोजा, सर," डॉक्टरसाहेब म्हणाले. "वहिनींनी सांगितलं होतं मला, तुम्ही मोठ्यानं मोजता म्हणून. त्यांना आवडायचं."

मी मोजले. सत्तरच्या पुढे मोजणी चुकली. डॉक्टरसाहेब तसेच थांबून राहिले. मी पुन्हा एकपासून सुरुवात केली.

आज मी निवृत्त आहे. घरात चारही वेळा घड्याळ पाहिले जाते आणि काही करावयाचे नसते. डॉक्टरसाहेबांनी त्यावर उपाय म्हणून नव्हे, तर 'मदत हवी आहे' असे पत्र पाठवून मला दर गुरुवारी सांगलीस बोलावून घेतले. रुग्णांच्या सोबत आलेल्या माणसांना मी खुर्चीवर बसवितो, काळ्या पडद्यावर टाचणी फिरवितो आणि त्यांची आंधळी जागा त्यांना दाखवितो. मग टॉर्च हाती देऊन सांगतो की, बाटलीवर खुणा करू नका. माणसाच्या डोळ्यांत बघा. काहींना राग येतो. येऊ द्यावा.

सहा वाजता काम संपते. डॉक्टरसाहेब खुर्चीवर बसतात, चष्मा काढून माझ्या हातात देतात. त्यांचे थेंब निराळे आहेत. त्यांनी बाहुली लहान होत नाही. तरीही मी आधी टॉर्च लावून नीट पाहतो. त्यांच्या बाहुल्या उजेडात मिटतात आणि अंधारात उमलतात. त्या तशाच उमलत राहोत. त्यांच्या चेतातंतूंतील वीज मंद न होवो, त्यांच्या हाताला कंप न येवो, आणि आण्णांसारख्या वाट पाहत बसलेल्या माणसांचे हात धरावयास त्यांना आणखी पुष्कळ वर्षे मिळोत, ही मागणी मी कोणाकडे करावी हे मला ठाऊक नाही. पण ती दर गुरुवारी, साताऱ्याची गाडी पकडण्यापूर्वी, एकपासून एकशेवीसपर्यंत, मी मोठ्याने करतो.